धाकटीचं जेवण

मोठी दिवसाआड सकाळी सव्वाआठला धाकटीला जेवू घालायची आणि उरलेल्या दिवशी नुसती बघून जायची. धाकटीला जाऊन अकरा वर्षं झाली होती.

हे ऐकून कुणाच्याही कपाळाला आठ्या पडतील, म्हणून आधीच सांगितलेलं बरं. मोठीचं डोकं फिरलेलं नव्हतं. ती एका प्रयोगशाळेत पेशी वाढवायच्या विभागात कामाला होती आणि तिच्या हाताखाली तयार झालेली माणसं मोठमोठ्या ठिकाणी गेली होती. तिचा हात इतका हलका, की बाटलीतल्या पेशींना आपलं पाणी बदललेलंही कळत नाही, असं लोक चेष्टेत म्हणायचे. तीन बहिणींतली ती थोरली. मधली चष्म्याच्या दुकानात होती, लोकांच्या नाकावर काचा बसवून "आता दिसतंय का?" असं दिवसभर विचारायची. आणि धाकटी सव्विसाव्या वर्षी पोटातल्या गाठीने गेली.

जायच्या आधी तिची गाठ काढली होती. गाठीचा तुकडा अभ्यासासाठी द्यायला हरकत नाही, अशा कागदावर धाकटीने स्वतः सही केली, आणि तो तुकडा मोठीच्याच प्रयोगशाळेत आला. असे तुकडे बहुतेक वेळा काचेत चार-सहा आठवडे टिकतात आणि विझतात. हा विझला नाही. गाठीच्या पेशींना वाईट खोडच असते, थांबायचं कुठे ते त्यांना कळत नाही. विभागाच्या मॅडमनी सूक्ष्मदर्शकातून डोळा काढला आणि सहज म्हणाल्या, "ही अमर झाली आहे." मॅडमच्या तोंडात हा शब्द रोजचा होता. चहा गार झाला म्हणावं तसा त्या तो वापरायच्या. मोठीच्या मात्र तो काळजात जाऊन बसला.

कारण शेवटच्या आठवड्यात धाकटीने तिचं मनगट धरलं होतं. अंगात ताकद उरली नव्हती, तरी नखं रुतली. "ताई, मला संपायचं नाहीये गं. तू कर ना काहीतरी."

"करते," मोठी म्हणाली होती.

मरणाऱ्या माणसाला आपण काय काय कबूल करतो. नंतर रडतो, सतरा कामांत गुंततो आणि कबूल केलेलं विसरतो, आणि विसरतो म्हणूनच जगतो. मोठी विसरली नाही.

बाटलीवर तिने काळ्या शाईने 'धा' लिहिलं आणि त्यापुढे अंक. आतलं पोषक पाणी लालसर असायचं. पेशींनी ते खाल्लं की पिवळट पडायचं. मग जुनं पाणी ओढून काढायचं, नवं घालायचं, पेशी फार दाटल्या तर त्यातल्या थोड्या नव्या बाटलीत घालायच्या. मोठी हे सगळं हूडखाली करायची. हूड म्हणजे काचेची पुढची झडप असलेलं, आत गाळलेली हवा सोडणारं कपाट. हात आत घालून काम करता करता ती हलक्या आवाजात बोलायची. आज बसला उशीर झाला. तुझी ती निळी ओढणी सापडली, कुठे असेल सांग. मधलीचा चष्मा वाढला, दुसऱ्यांचे तपासते आणि स्वतःचा बघत नाही. तोंडावर मास्क असल्यामुळे ओठ कुणाला दिसायचे नाहीत.

अकरा वर्षांत ती गावाबाहेर गेली नाही. मधलीच्या लग्नात ती जेमतेम जेवणापर्यंत थांबली, कारण तो जेवू घालायचा दिवस होता. मधलीचा नवरा पुढे वेगळा राहायला गेला, तेव्हा मधली तिच्याकडे दोन दिवस राहायला आली, आणि दोन्ही दिवस सकाळी उठून रिकाम्या घरात बसून राहिली. मधली कधी बोलली नाही. ती थांबणारी होती. तीन भावंडांत मधल्याच्या वाट्याला बहुतेक थांबणंच येतं, मोठीचं शहाणपण ऐकायचं आणि धाकटीचे लाड बघायचे.

आणि मग वरून नियम आला. प्रयोगशाळेतल्या प्रत्येक पेशीची ओळख तपासून घ्यायची, बाटलीवर जे लिहिलंय तेच आत आहे ना, याची खात्री करायची. मोठीने 'धा'चे नमुने स्वतः भरून पाठवले. तिला उलट बरं वाटलं. कागदावर शिक्का बसेल, धाकटी ती धाकटीच, असं सरकारी कामासारखं पक्कं होऊन जाईल.

मॅडमनी तिला आत बोलावलं आणि दार लावून घेतलं. मॅडम कधी दार लावत नसत.

"बसा."

"उभीच बरी आहे मी."

"बसा हो जरा." मॅडमनी कागद तिच्याकडे सरकवला, मग पुन्हा आपल्याकडे ओढला. "या पेशी तुमच्या बहिणीच्या नाहीत."

मोठी हसली. खरंच हसली. "नमुन्यांची अदलाबदल झाली असेल. मी परत पाठवते."

"मी दोनदा करून घेतलंय. या पेशी पुरुषाच्या आहेत. आपल्या सात नंबरच्या."

सात नंबर म्हणजे त्या प्रयोगशाळेतली सगळ्यात जुनी आणि सगळ्यात माजलेली पेशी. कुणा अनोळखी म्हाताऱ्याच्या घशातून कधीकाळी काढलेली. कुठेही टाका, वाढायचीच. तिच्या वाऱ्यालाही दुसरी पेशी उभी करू नये, म्हणून नियम होता: हूडमध्ये एका वेळी एकच बाटली, प्रत्येकीचं पोषक पाणी वेगळं, दोघींच्या मध्ये अर्धा तास हूडचा पंखा चालू ठेवायचा. सात नंबरचा एक थेंब दुसऱ्या बाटलीत गेला, की महिन्याभरात मूळची पेशी दिसेनाशी होते. कुणी कुणाला मारत नाही. एक नुसती दाटत जाते, दुसरीला जागा उरत नाही.

हा नियम नव्या पोरींना मोठीच शिकवायची. चुकणाऱ्या पोरीला ती अशी काही फैलावर घ्यायची की ती पुन्हा चुकायची नाही.

तिने वह्यांचं कपाट उघडलं आणि आपल्या वह्या काढल्या. तिची प्रत्येक दिवसाची नोंद होती. फरशीवर बसून तिने पानं उलटली, मागे, मागे, आणखी मागे. नऊ वर्षांपूर्वीच्या वहीत एका पानावर तिच्याच नीटनेटक्या अक्षरात ओळ होती: 'आज धाकटी खुशीत. दुप्पट वाढली. आता दिवसाआड जेवण.' त्याखाली तिने हसरा चेहरा काढला होता. मोठी आणि हसरा चेहरा!

तिने आणखी तीन आठवडे मागे जाऊन पाहिलं. तिथे अक्षर वाकडं होतं. 'मधलीचा फोन. छातीत गाठ. सात आणि धा दोन्ही बाहेर राहिल्या.' एवढंच.

आणि मग सगळं आठवलं. फोन कानाशी दाबून धरलेला. मधली पलीकडून म्हणत होती, "ताई, घाबरू नकोस हं, पण..." हात थरथरायला लागले होते, एक बहीण जाऊन दोन वर्षंही झाली नव्हती आणि आता दुसरीही निघाली की काय, या भीतीने. फोन ठेवून तिने थरथरत्या हातांनी काम उरकलं होतं. कुठल्या पाण्यात कुठली नळी बुडवली, देव जाणे. तिच्या हातून तेवढ्या एकाच दिवशी चूक झाली होती, आणि ती झाली मधलीच्या काळजीने.

पण तिला लगेच जे वाटलं ते हे नव्हतं. तिला वाटलं, मधलीमुळे. मधलीने तेव्हा फोन केला नसता तर. हा विचार इतका उघडावाघडा आला की तिला स्वतःचीच किळस आली, आणि तरीही तो हलेना. मग तिने पुढची काही पानं उलटली आणि एका नोंदीवर तिचं बोट थांबलं. मधलीचं ऑपरेशन ज्या दिवशी होतं, त्या दिवशीची नोंद: 'धाकटी फार दाटली. सुट्टी घेता येत नाही.'

ती गेली नव्हती. मधलीचं तेव्हा लग्नही झालं नव्हतं. ती एकटीच रिक्षाने गेली, एकटीच भूल घेऊन झोपली, एकटीच जागी झाली. आणि मोठी इथे हूडखाली हात घालून एका अनोळखी म्हाताऱ्याच्या घशाला जेवू घालत होती, त्याला निळ्या ओढणीबद्दल विचारत होती. नऊ वर्षं! मोठी फरशीवर बसल्या बसल्या हसू लागली आणि हसता हसता तिला श्वास घेता येईना. बाहेरून कुणीतरी दार वाजवलं. तिने आतून "काही नाही, धूळ गेली" असं सांगितलं.

तेवढ्यातही तिच्या डोक्यात हिशेब चालूच होता. चूक होण्याआधी गोठवलेलं काहीतरी असेल. पहिल्या वर्षी तिने चार कुप्या गोठवल्या होत्या. तीन वेगवेगळ्या कामांना गेल्या. चौथी द्रव नायट्रोजनच्या टाकीत होती, खालच्या खणात, धाकटी गेली त्याच्या दुसऱ्या महिन्यातली. ती खरी होती. जगात धाकटीचं जे काही उरलं होतं, ते नखाएवढ्या त्या एका कुपीत.

"काढून बघू," मॅडम म्हणाल्या. "पण दहा वर्षं उलटली आहेत. किती जिवंत निघतील सांगता येत नाही. आणि एकदा वितळवली की परत नाही. तुम्हीच करणार?"

"मीच."

मंगळवार ठरला. सोमवारी संध्याकाळी मधलीचा फोन आला. इकडचं तिकडचं बोलली. दुकानात कुणा आजोबांनी नवा चष्मा लावला आणि बायकोकडे बघून काढून ठेवला, ते सांगितलं. मग म्हणाली, "उद्या अकराला माझा रिपोर्ट आहे गं. परत एक तपासणी केली होती. तू येशील?"

"येते," मोठी म्हणाली. रुग्णालय प्रयोगशाळेच्या समोरच होतं, रस्ता ओलांडायचा. साडेनऊला कुपी वितळवायची, दहापर्यंत पेशी बाटलीत आणि बाटली उबेच्या पेटीत. मग अकराला जाता येईल. दोघींना न्याय मिळेल, असं तिला वाटलं.

मंगळवारी टाकीच्या खोलीची किल्ली असलेला कारकून आलाच नाही. दहा वाजले. साडेदहा. मोठी खोलीच्या दाराशी येरझाऱ्या घालत होती. पावणेअकराला ती खिडकीशी गेली. समोर रुग्णालयाचं फाटक दिसत होतं. निघावं, आत्ताच निघावं, कुपी दहा वर्षं थांबली आहे, आणखी दोन तास थांबेल. हे तिला लख्ख कळत होतं. आणि तिचे पाय हलले नाहीत. तिच्या मनात आलं, मधली थांबेल. मधली नेहमीच थांबते.

अकरा वाजून दहा मिनिटांनी कारकून घाम पुसत आला. मोठीने त्याच्या हातून किल्ली घेतली. तिने जाड हातमोजे घातले, टाकीचं झाकण उघडलं, पांढरा धूर हातावरून खाली वाहिला. चौथी कुपी. झाकणावर तिचंच अक्षर, शाई थोडी पुसटलेली. कोमट पाण्यात धरून ती हलके हलके फिरवू लागली. आतला गोठलेला खडा लहान होत गेला, मसुराएवढा झाला आणि विरघळला.

यापुढे घाई करावी लागते. गोठताना पेशी फुटू नयेत म्हणून जे औषध घातलेलं असतं, तेच ऊब लागल्यावर त्यांना बाधू लागतं. दहा मिनिटांच्या आत त्या औषधातून पेशी बाहेर काढाव्या लागतात. मोठी हूडशी बसली, हात आत घातले, नळीत नवं पाणी ओढलं. 

काचेवर टकटक झाली.

विभागाच्या दाराला वरच्या अर्ध्या भागात काच होती. काचेपलीकडे मधली उभी होती. एका हातात पिशवी, दुसऱ्या हातात पाकीट. पाकीट उघडलेलं होतं.

"दहाच मिनिटं," मोठी आतून म्हणाली. मास्कमुळे आवाज दबका आला, म्हणून तिने दोन्ही हातांची बोटं पसरून दाखवली.

मधलीने मान हलवली. ती समोरच्या बाकावर बसली, पिशवी मांडीवर घेऊन. दार पुरतं बसलेलं नव्हतं, बोटभर फट होती, आणि फटीतून तिचा आवाज नीट ऐकू येत होता.

"परत आलंय, ताई. या वेळी हाडात गेलंय. डॉक्टर बोलत होते, मला निम्मं कळलंच नाही. तू असतीस तर तुला कळलं असतं."

मोठीने कुपीचं झाकण फिरवलं. उघडलं.

"तू कर तुझं. मी बसते," मधली म्हणाली.  मग एकदम, दुकानात एखाद्याने चष्म्याची किंमत विचारावी तसं, "माझ्याही पेशी घेता येतात का गं?"

मोठीचे हात थांबले.

"म्हणजे माझ्याही गाठीच्या. त्याही अशा राहतील ना बाटलीत? तुला काही त्रास नाही देणार मी. कोपऱ्यात ठेव कुठेतरी. म्हणजे निदान दिवसाआड तरी तू माझ्याकडे येशील."

चेष्टा नव्हती ती. मोठीने मान वळवून काचेतून पाहिलं. मधली तिच्याकडे बघतही नव्हती. ती पाकिटाची कड बोटाने सरळ करत बसली होती. तिचे केस मागून विरळ झाले होते. कधी झाले? गालफडं आत गेली होती. मोठी बाटलीतल्या पेशींचा रंग कणभर बदलला तर ओळखायची, आणि बहिणीचा चेहरा असा उतरलेला तिला आज दिसत होता.

कुपी हातात होती. आत दोन थेंब. धाकटीचं मनगट, रुतलेली नखं, संपायचं नाहीये गं. मोठीला ओरडावंसं वाटलं. मला दोन हात आहेत, दोनच, आणि मी कुणाकुणाला धरू? तिने एकदा नळीकडे पाहिलं, एकदा भिंतीवरच्या घड्याळाकडे. तीन मिनिटं गेली होती. चार. काम सोपं होतं, तिने हजारदा केलेलं. सहा मिनिटांत उरकलं असतं आणि मधली थांबली असती. तिला नक्की माहीत होतं की मधली थांबली असती, आणि हे माहीत असणंच तिला सहन होईना.

तिने कुपी स्टँडमध्ये उभी केली. हातमोजे काढले. मास्क ओढून काढला. हूडचा पंखा चालूच राहिला.

"झालं एवढ्यात?" मधली उठत म्हणाली.

"हो."

"अगं, ते आत तसंच राहिलंय तुझं."

"राहू दे." मोठी दार ढकलून बाहेर आली. आता तिला खरोखर धाकटी गेल्यासारखं वाटत होतं, अकरा वर्षांपूर्वी जे रडायचं राहून गेलं होतं ते आज वर येत होतं. बोलायला तोंड उघडलं तर किती तरी होतं, फोन, वही, नऊ वर्षं जेवू घातलेला तो म्हातारा, क्षमा. त्यातलं एकही बाहेर येईना. शेवटी तिने विचारलं, "सकाळपासून काही खाल्लंस का?"

मधलीने मान हलवली. नाही.

खाली उपाहारगृहात त्या वेळी गर्दी नव्हती. मोठीने गरम सूप आणलं. मधलीने चमचा उचलला, पण हात इतका कापत होता की सूप टेबलावर सांडलं. तिने चमचा ठेवून दिला आणि सांडलेलं रुमालाने पुसत बसली. भिंतीवरच्या घड्याळात पावणेबारा होत आले होते. वर, स्टँडमध्ये, जे व्हायचं ते होऊन गेलं होतं. मोठीने घड्याळाकडे पाठ करून खुर्ची ओढली, मधलीच्या शेजारी बसली, चमचा भरला, फुंकर मारली आणि तिच्या तोंडाशी धरला.

"मी काय धाकटी आहे का, भरवायला?" मधली म्हणाली, आणि तिने तोंड उघडलं.